हेंकसाठी वाजलेल्या टाळ्या

एप्रिल आला की नेदरलँड्समधल्या आमच्या उइटहॉर्नमध्ये दुपार लांबत जाते. संध्याकाळचे आठ वाजले तरी मागच्या अंगणात ऊन रेंगाळत असतं. कोणी हिवाळाभर पडून राहिलेल्या खुर्च्या पुसत असतं, कोणी सायकलला तेल घालत असतं. विमानतळ जवळ असल्याने डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की अंगणात बोलणारा माणूस मध्येच थांबतो, विमान जाऊ देतो आणि मग राहिलेलं वाक्य पूर्ण करतो. इथल्या सगळ्यांनाच ती सवय आहे. मला मात्र त्या थांबण्यात दरवर्षी एक जुना एप्रिल भेटतो. तेव्हा आभाळ जवळजवळ रिकामं होतं, अंगणातली वाक्यं न अडखळता पूर्ण होत होती, आणि दर रविवारी आमच्या घरातून खदाखदा हसण्याचा आवाज येत होता. ते हसणं आठवलं की अजूनही माझे कान तापतात.

महामारीचं दुसरं वर्ष होतं ते. रात्रीची संचारबंदी, घरात एका वेळी एकच पाहुणा, दुकानात ढकलगाडी घेतल्याशिवाय प्रवेश नाही. माझा नवरा मिलिंद जेवणाच्या टेबलावर बसून ऑफिसचं काम करायचा. मी डिपेंडंट व्हिसावर इथे आलेली. बरीच वर्षं घरी काढून नुकतीच एका छोट्या कंपनीत लागले होते आणि माळ्यावरच्या खोलीत बसून पगारपत्रकं करायचे. आमची पंधरा वर्षांची ओवी तिच्या खोलीत शाळा करायची. मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर द्यायची, तेही दार अर्धं उघडून. तिघं एका घरात आणि दिवसभर तीन वेगवेगळ्या ठिकाणी, असं चाललं होतं.

मिलिंद तसा अबोल माणूस. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो सगळ्यात शेवटी बोलतो आणि तोवर निर्णय झालेला असतो. पण त्याचा एक जुना नाद होता. अकोल्याला, तो शाळेत असताना, त्याच्या वडिलांनी, आबांनी, रद्दीच्या दुकानातून एक परदेशी सचित्र मासिक आणून दिलं होतं. त्यात अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या मोटार शर्यतींची चित्रं होती. आबा हायस्कूलमध्ये मास्तर होते. मुलाचं इंग्रजी सुधारावं एवढाच त्यांचा हेतू. मुलाचं इंग्रजी सुधारलं, पण त्या गाड्या त्याच्या डोक्यातून गेल्या नाहीत त्या नाहीतच. नेदरलँड्सला आल्यावर तो जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्याच शोधायचा.

उइटहॉर्न, लायडन, आइंडहोवन अशा गावांतले आम्ही तीसेक मराठी घरांचे लोक त्या हिवाळ्यात दर रविवारी दुपारी चारला ऑनलाइन जमायचो. कोणी गाणं म्हणायचं, कोणी ध्यान शिकवायचं, एकीने ओव्हनमधली बट्टी करून दाखवली. मिलिंदची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मी शर्यतींवर बोलेन." पहिल्या दिवशी तो इंजिनांवर बोलला आणि निम्मे लोक कॅमेरे बंद करून चहा करायला गेले. दुसऱ्या रविवारी त्याने एका अपघाताची हकीकत सांगितली, तेव्हा एक माणूस हलला नाही.

सांगायचाही छान. तो सांगायचा, की सुरुवातीला शर्यती साध्या रस्त्यांवर व्हायच्या. लोक कडेला नव्हे, रस्त्यातच उभे राहायचे आणि गाडी अंगावर आली की बाजूला उड्या मारायचे. पुढे मातीचे गोल ट्रॅक आले. धूळ अशी उडायची की मागच्या ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसायचाच नाही. तो झाडांच्या शेंड्यांकडे बघून वळण ओळखायचा. धुळीच्या आत कोणी उलटून पडलं असेल तर ते आदळल्यावरच कळायचं. मग लाकडी ट्रॅक आले. लाखो फळ्या ठोकून केलेले, कढईच्या कडेसारखे चढत गेलेले. त्यावर गाड्यांचं तेल गळायचं, फळ्या उखडायच्या, ढलप्या उडून थेट तोंडात घुसायच्या. खाली सुतार ठोकाठोकी करत असायचे आणि वरून शर्यत चालू असायची. डोक्यावर कापडी टोपी. पट्टा नाहीच. गाडी उलटली तर माणूस बाहेर फेकला गेलेलाच बरा, असं तेव्हा मानत. आणि ड्रायव्हरच्या शेजारी, अंग चोरून, एक मेकॅनिक बसलेला असायचा. हाताने पंप मारून तेलाचा दाब टिकवायचा, मागे वळून कोण येतंय ते बघायचं, टायर कुठे झिजलाय त्यावर नजर ठेवायची हे त्याचं काम. आवाज इतका, की काही सांगायचं तर ड्रायव्हरच्या गुडघ्यावर थाप मारायची. चाक त्याच्या हातात नसायचं, ब्रेकही नसायचा. गाडी जिकडे जाईल तिकडे तोही जाणार.

"मिलिंददादा, झोपच उडाली," पुढच्या आठवड्यात कोणीतरी म्हणालं. "पुढच्या रविवारी अजून सांगा." ते ऐकताना मिलिंदच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या लग्नानंतर फार वेळा पाहिलं नव्हतं. तो रविवारी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालायला लागला. मी शेजारी बसून चित्रं पुढे सरकवायचे, कोणाचा माइक चालू राहिला तर बंद करायचे. लायडनचे प्रशांतदादा त्या मंडळींत सगळ्यात बोलके. त्यांनीच सुचवलं, "अरे, मध्ये थांबून विचार ना, यातला कोण घरी पोचला? मजा येईल."

मजा आली. मिलिंद शर्यतीची गोष्ट अर्ध्यावर आणायचा, तीन-चार ड्रायव्हरांची ओळख करून द्यायचा आणि थांबायचा. मी पडद्यावर प्रश्न टाकायचे, 'कोण जिवंत घरी गेला?' लोक मत द्यायचे आणि रंगीत पट्ट्या सरसर वाढायच्या. मग मिलिंद उत्तर सांगायचा आणि मी टाळ्यांचं रेकॉर्डिंग वाजवायचे. ते बटण शोधून ठेवण्याचं काम माझं होतं. लहान मुलंसुद्धा आईबापांच्या मांडीवरून ओरडायची, "लाल गाडीवाला मेला! लाल गाडीवाला!"

एकदा ओवी पाणी प्यायला खाली आली, दारात उभी राहून दोन मिनिटं बघत राहिली आणि डचमध्ये म्हणाली, "आई, हे जरा विकृत आहे."

"शंभर वर्षांपूर्वीची माणसं आहेत गं," मी म्हणाले. "त्यांना आता काय वाटणार आहे?"

ती ग्लास घेऊन वर गेली.

आता त्या दिवसांकडे बघताना वाटतं, आम्हाला दूरचं मरण हवं होतं. जवळचं रोज फोनवर येत होतं. सकाळी डोळे उघडायच्या आत कोणाच्या तरी काकांचा हार घातलेला फोटो. तिथे काही करता येत नव्हतं, हसता तर येतच नव्हतं. इथे रविवारी चार ते पाच, चहाचा कप हातात घेऊन, मरणाचं उत्तर बरोबर आलं तर टाळ्या होत्या. हे मी समजून घ्यायला सांगते आहे, माफ करायला नाही.

आमच्या शेजारी खेरित राहतात. तेव्हा ते ऐंशीच्या घरात असतील, आता काठीने चालतात. त्यांची बायको महामारीच्या आधीच गेली होती. दोन घरांच्या मध्ये कमरेइतकं कुंपण आहे, बारीक पानांच्या झाडाचं; ते त्याला सतत कापत असतात. त्या एप्रिलमध्ये कुंपणापलीकडून त्यांनी मला विचारलं, "रविवारी तुमच्याकडे एवढं हसतं कोण?"

मी सांगितलं, मिलिंद जुन्या अमेरिकन शर्यतींच्या गोष्टी सांगतो. त्यांची कात्री थांबली.

"माझ्या आजीचा भाऊ त्यात होता," ते म्हणाले. "हेंक. मेकॅनिक होता, शेजारी बसणारा. तिकडेच लाकडी ट्रॅकवर गेला."

संध्याकाळी ते एक फोटो घेऊन आले आणि दारातूनच, हात लांब करून, त्यांनी तो मिलिंदला दिला. उघडी गाडी, त्यात खेटून बसलेली दोन माणसं. दोघांची तोंडं तेलाने काळी झालेली, गॉगल वर सरकवल्यामुळे डोळ्यांभोवती तेवढी पांढरी वर्तुळं. ड्रायव्हर कॅमेऱ्याकडे बघतोय. हेंक ड्रायव्हरकडे बघतोय आणि काहीतरी सांगून झाल्यासारखा हसतोय. मिलिंदने तो फोटो दोन्ही हातांत धरला. पुस्तकांत आयुष्यभर शोधलेली गोष्ट कुंपणापलीकडे निघाली होती.

"मी वापरू का हा? रविवारी?"

"वापरा ना. मलाही बघू द्या. भाषा नाही कळली तरी चालेल. हेंकला लोक बघतायत एवढं बघेन."

ओवीने त्यांच्या टॅबवर सगळं जोडून दिलं.

त्या आठवड्यात भीमजयंती झाली, ऑनलाइनच. आम्ही घरातल्या घरात पांढरे कपडे घालून वंदना म्हटली, खीर केली, खिरीचा एक डबा खेरितच्या दाराशी ठेवून बेल वाजवून मागे सरकलो. मग रविवार आला. मी खेरितची चौकट शोधली. त्यांनी कोट घातला होता. टायसुद्धा. हातात कॉफीचा कप, आणि चेहरा टॅबच्या इतका जवळ की कपाळच जास्त दिसत होतं.

मिलिंद त्या दिवशी फार रंगात होता. फोटो आला तेव्हा सगळीकडून "अरे वा" झालं. त्याने शर्यत सुरू केली, लाकडी चढाव, तेल, पुढच्या गाडीचा टायर फुटतो, फळी उखडून वर येते, आणि थांबला. प्रश्न मीच टाकला. ड्रायव्हर वाचला, मेकॅनिक वाचला, दोघंही वाचले, की कोणीच नाही?

"मेकॅनिक गेला असणार!" प्रशांतदादा म्हणाले. "अरे, मेकॅनिक म्हणजे स्टेपनी! गेली तर दुसरी लावायची!"

तीस घरं हसली. मी हसले. मिलिंद हसत हसत म्हणाला, "बघू या, लोक काय म्हणतात," आणि हिरवी पट्टी सगळ्यांच्या पुढे निघून गेली. मेकॅनिक गेला, ड्रायव्हर वाचला.

"बरोबर!" मिलिंद म्हणाला.

माझा हात सवयीने टाळ्यांच्या बटणावर गेला. आणि त्या टाळ्या वाजत असताना मला खेरितची चौकट दिसली. त्यांनी कप खाली ठेवला होता आणि तेही टाळ्या वाजवत होते. डोळे ओले, चेहरा आनंदाने फुललेला. त्यांना वाटलं होतं, एवढे सगळे लोक हेंकसाठी टाळ्या वाजवतायत.

मी मिलिंदकडे बघितलं. त्यालाही दिसलं होतं. त्याने पुढची दोन चित्रं न बोलताच जाऊ दिली आणि आज जरा घसा बसलाय म्हणून लवकर आटोपतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी खेरित सफरचंदाचा केक घेऊन कुंपणाशी उभे राहिले. स्वतः केलेला, एका बाजूने जास्त भाजलेला. "तुमच्या लोकांना सांगा, मी आभारी आहे," ते म्हणाले. "आमच्या घरात हेंकचं नाव कोणी घ्यायचं नाही. रविवारी, चर्चच्या दिवशी शर्यती, देवाधर्माचं कुटुंब, लाज वाटायची सगळ्यांना त्याची. काल पहिल्यांदा त्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या." मग त्यांनी विचारलं, "त्या रंगीत पट्ट्या कसल्या होत्या?"

मिलिंद माझ्या शेजारी होता, ओवी मागे उभी होती. त्यांनी तिच्याकडेच बघून विचारलं होतं, कारण आमच्यात तिचंच डच चांगलं. ती म्हणाली, "बाबांना विचारा," आणि आत निघून गेली.

"लोकांना विचारलं होतं," मिलिंद म्हणाला, "की दोघांत जास्त धाडसी कोण. बहुतेकांनी हेंक म्हणून सांगितलं."

खेरितनी मान हलवली. समाधानाने. आणि केक आमच्या हातात दिला.

तो केक कोणी खाल्ला नाही. ओवी जेवणाच्या टेबलावर येईना. मिलिंद दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला, आणि मीही त्याला काही विचारलं नाही, कारण विचारायला गेले असते तर टाळ्यांच्या बटणावरचा हात माझाच निघाला असता. एकाच लाजेत दोन माणसं असली की ती वाटून घेता येत नाही; दोघांनाही पुरी पुरीच वाटते. तिसऱ्या दिवशी केकवर बुरशी आली. तो ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकताना मी आधी खेरितच्या खिडकीकडे बघून घेतलं.

त्याच आठवड्यात अकोल्याहून फोन आला. मिलिंदची थोरली बहीण, रत्नाताई. आबांना ताप होता, श्वास लागत होता, मोठ्या खटपटीने ऑक्सिजनची एक कॉट मिळाली होती. तिकडची विमानं बंद होत होती. जायचा प्रश्नच नव्हता. नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न सुरू झाला.

"स्कोअर किती?"

छातीच्या स्कॅनचा स्कोअर. त्या दिवसांत सगळा महाराष्ट्र हाच प्रश्न विचारत होता. ताईने आकडा टाकला. कोणी लिहिलं, बरा आहे. कोणी लिहिलं, वयाच्या मानाने जास्त आहे. मग एका चुलतभावाने लिहिलं, "फिफ्टी-फिफ्टी समजा." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्याखाली कोणीतरी हात जोडले, कोणीतरी नुसता एक अंगठा दाखवला.

मिलिंदने फोन टेबलावर पालथा ठेवला. मला वाटलं, रडेल. तो उठला, बूट घातले आणि म्हणाला, "मी खेरितकडे जाऊन येतो."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर जमणार नाही मला."

मी त्याच्यामागून अंगणात गेले. माझं तिथे असणं मला गरजेचं वाटलं. खेरित कुंपणापलीकडे माती उकरत होते. मिलिंदने मोडक्या डचमध्ये सुरुवात केली, अर्ध्यावर इंग्रजीत गेला. पट्ट्या कसल्या होत्या ते सांगितलं. लोक कशावर हसले ते सांगितलं. स्टेपनी म्हणजे काय तेही सांगितलं. टाळ्या रेकॉर्ड केलेल्या होत्या हे मी सांगितलं, आणि बटण मी दाबलं हेही.

खेरित हातातलं खुरपं बघत राहिले.

"म्हणजे मीसुद्धा टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले.

एवढंच. त्यांनी खुरपं मातीत रोवलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "आज घरी जा. मला आज तुमच्याशी बोलायचं नाही."

इथली माणसं सरळ बोलतात, त्याची सवय व्हायला वेळ लागतो असं सगळे म्हणतात. मला त्या दिवशी ते सरळ बोलणं फार मोठं वाटलं. आमच्याकडे "जाऊ द्या हो" म्हटलं असतं आणि आम्ही सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कुंपणावर टकटक केली. आबांचं ओवीने सांगितलं होतं त्यांना. आधी आबांची चौकशी केली, मग म्हणाले, "तुम्ही हेंकबद्दल बोललात, पण मला काही विचारलं नाहीत." मिलिंद म्हणाला, "आता विचारतो. कसा होता तो?"

खेरितला फार माहीत नव्हतं. जे होतं ते आजीकडून ऐकलेलं. हेंक कबुतरं पाळायचा. त्याला आंघोळीचा कंटाळा होता. आम्स्टेलच्या काठाने सायकल चालवताना एकदा नदीत पडला होता. बहिणीला म्हणाला होता, मोटार घेऊन परत येईन आणि तुला शेजारी बसवीन. "तो ड्रायव्हर वाचला," खेरित म्हणाले. "खूप जगला म्हणे. शर्यती सोडून दिल्या त्याने. पण त्याच्याकडून आमच्याकडे कधीच कोणी आलं नाही, एक शब्द आला नाही. आजीला पैसा नको होता, काही नको होतं. तिला फक्त विचारायचं होतं, शेवटी तो काही बोलला का. शेजारी बसलेल्या माणसालाच ते माहीत असणार ना? ती म्हातारी होईपर्यंत हेच म्हणायची. मला वाटतं, त्याला तोंड दाखवायची लाज वाटली असेल. आपण वाचलो याची."

त्या रविवारी मिलिंदने मंडळींना झालं ते सगळं सांगितलं, शेजारच्या माणसाच्या टाळ्यांसकट. प्रशांतदादांनी कॅमेरा बंद केला, संध्याकाळी फोन करून बराच वेळ भलतंच काहीतरी बोलत राहिले आणि शेवटी म्हणाले, "माझी जीभ जरा सैलच आहे रे." त्यानंतर शर्यतींचे रविवार झाले नाहीत. नंतर कधीतरी खेरितनी हेंकचा फोटो मोठा करून त्यांच्या बैठकीत लावला. आम्ही गेलो की मिलिंद त्याच्याकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसतो, अजूनही.

आबा वाचले. बुद्धपौर्णिमेच्या आसपास घरी आले. पहिल्यांदा पडद्यावर दिसले तेव्हा गालांची हाडं वर आलेली, आवाज मात्र तोच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आम्ही सगळे आनंदाने बोलत होतो आणि ते हो-हो करत होते. मग ताई आत गेली तसे ते फोनजवळ सरकले.

"मिलिंद, एक सांगू का? कोणाला बोललो नाही."

"बोला ना, आबा."

"माझ्या शेजारच्या कॉटवर एक जण होता. उत्तमराव. मूर्तिजापूरकडचा. बोटाला ते यंत्र लावायचे ना, त्याचे आकडे मला इकडून दिसायचे. त्याचा आकडा खाली गेला की मी माझा बघायचो. माझा वर असला की बरं वाटायचं रे. म्हणजे, तो उतरतो म्हणून मी चढतो, असं वाटायचं. मनात म्हणायचो, दोघांतून एक जाणार असेल तर..." आबा थांबले. "तो गेला. पहाटे नेला त्याला. अन् मला काय वाटलं सांगू? सुटलो. एवढी वर्षं पोरांना शिकवलं मी, करुणा, मैत्री. मला माझी शरम वाटते."

मिलिंदने फोन जवळ ओढला. मग त्याने आबांना हेंकची गोष्ट सांगितली. पट्ट्या, टाळ्या, खेरित, सगळं. बापापासून काही लपवलं नाही. आणि तो वाचलेला ड्रायव्हर, त्याची वाट बघत म्हातारी झालेली हेंकची बहीण, तेही सांगितलं.

"आबा," तो म्हणाला, "बरं वाटलं की उत्तमरावांच्या घरी जाऊन या."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"ह्याच."

आबा जूनमध्ये मूर्तिजापूरकडे जाऊन आले. ताईच्या मुलाला गाडी चालवायला लावून, मास्कवर मास्क घालून. परत आल्यावर त्यांनी आम्हाला फोन लावला. अंगातला बाहेरचा सदरा अजून तसाच होता. "भेटली त्यांची बायको," ते म्हणाले. "दारातच बसली होती. मी सांगितलं, बाई, मी उत्तमरावांच्या शेजारच्या कॉटवर होतो. तर पहिला प्रश्न तिने तोच विचारला. शेवटी ते काही बोलले का?"

"मग?"

"मी आकड्यांचं नाही सांगितलं. धीर झाला नाही. पण एक गोष्ट होती, ती सांगितली. ती तुलाही बोललो नव्हतो. तिथे सकाळी उकडलेलं अंडं द्यायचे. शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्याने त्याचं अंडं माझ्या ताटलीत ठेवलं. म्हणाला, गुरुजी, तुम्ही खा, मला जात नाही. मी खाल्लं. रोज खाल्लं. आपल्याला ताकद पाहिजे, एवढंच डोक्यात. ते सांगितलं तर ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, जात नाही म्हणाले? अहो गुरुजी, हा माणूस अंड्यासाठी पोरांशी भांडायचा हो. दोन पाहिजेत म्हणून ताटावर रुसायचा. अन् हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसत होती, अन् डोळ्यांतून पाणी."

इकडे मिलिंद, मी, आणि न बोलावता जिन्यात येऊन बसलेली ओवी, तिघंही ऐकत होतो. आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"मग ती उठली," ते म्हणाले. "म्हणे, थांबा, उन्हातून आलात. आत जाऊन दोन अंडी उकडून आणली. मीठ घातलं, समोर ठेवली. मी नको म्हणायला पाहिजे होतं रे. पण ती समोर बसून बघत होती. मी खाल्ली."